माझ्या मोलाची अंगठी

मी एक म्हातारी घोडी आहे. माझे नाव चाबदार. तांबूस अंगाच्या आणि फिकट आयाळीच्या घोड्याला आमच्या सुसामिरच्या खोऱ्यात चाबदारच म्हणतात. नाव ठेवताना कुणी फार डोके चालवले नाही. आता आयाळ फिकट राहिली नाही, पांढरी झाली. दात झिजले. कोवळे गवतही मला पुन्हा पुन्हा चावावे लागते. पण कान अजून तिखट आहेत, आणि घोड्याच्या कानांना माणसे भीत नाहीत. माझ्यासमोर ती मोकळेपणी बोलतात, भांडतात, रडतातसुद्धा. म्हणून मित्रांनो, एका अंगठीची जी गोष्ट घरातल्या सुनेला पुष्कळ दिवस ठाऊक नव्हती, ती मला पहिल्यापासून ठाऊक होती. ती अंगठी माझ्या मोलाने आली होती.

माझा जन्म वरच्या कुरणावर झाला. बर्फ नुकताच वितळत होता आणि जमीन गारठलेली होती. मला उभे राहता येईना, तेव्हा सागिन नावाच्या माणसाने अंगातला कोट काढून माझे अंग पुसले. तो माझा धनी. पुढे त्यानेच मला लगामाची सवय लावली, आणि चाबूक न उचलता लावली. त्याची बायको अनारकूल मला मीठ चारायची. त्यांचा मुलगा बेकतूर तेव्हा एवढासा होता. माझ्या पाठीवरून तो इतक्या वेळा पडला, की शेवटी पडायला घाबरेनासा झाला.

सागिन फार जगला नाही. एका हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखणे भरले. खिंड बर्फाने बंद होती, गाडी वर येत नव्हती. मीच त्याला पाठीवर घेऊन खालच्या रस्त्यापर्यंत आले. अनारकूल माझा लगाम धरून पुढे चालत होती आणि मागे वळून पाहायला भीत होती. रस्त्यावरून त्याला मोटारीतून नेले. मोटार परत आली तेव्हा तीत अनारकूल एकटीच होती.

त्यानंतर घर चालले ते आमच्या दुधावर. उन्हाळ्यात अनारकूल मोठ्या रस्त्याच्या कडेला लोकरीच्या नमद्याचे तंबूसारखे घर उभारायची आणि कुमिस विकायची. घोडीचे दूध कातडी पिशवीत आंबवून घुसळले की कुमिस होतो. आमच्या तिथे पाहुण्याला तो दिल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. ट्रकवाले लांबून येत, वाडगा तोंडाला लावून एका दमात रिकामा करीत आणि म्हणत, "मावशी, या रस्त्यावर पुष्कळ ठिकाणी प्यालो, पण ही चव कुठं नाही!"

"ती चव माझी नाही रे," अनारकूल माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "तिची आहे."

मला ते ऐकून बरे वाटायचे. आणखी दोन घोड्या होत्या, पण एक आटत आली होती आणि दुसरी लाथा झाडायची. भार सगळा माझ्यावर होता. दिवसातून कितीतरी वेळा अनारकूल माझ्या शिंगराला जवळ आणायची, "कुरो-कुरो" अशी हाक द्यायची, आणि तिचा तो आवाज कानी पडला की मला आपोआप पान्हा फुटायचा. ती एक गुडघा टेकून बसायची, दुसऱ्या मांडीवर चरवी ठेवायची. तिचे कपाळ माझ्या पोटाला टेकलेले असायचे. अशी आमची वर्षे गेली.

बेकतूर मोठा झाला आणि रस्त्यावरच्या गॅरेजात टायर बदलायला लागला. गावच्या दवाखान्यात नुरजात नावाची मुलगी होती. ती सुया टोचायची, जखमा बांधायची. बेकतूरचा अंगठा एकदा जॅकखाली चेंगरला आणि तिने तो बांधून दिला. अंगठा बरा झाला तरी बेकतूरचे दवाखान्यात जाणे काही थांबले नाही. एक दिवस नुरजातच म्हणाली म्हणे, "आता दुखतंय कुठं ते तरी सांग, नाहीतर घरी माणसं पाठव."

माणसे पाठवली गेली आणि मुलीकडच्यांचा होकार आला. राहिला साखरपुडा. आमच्यात मुलाची आई मुलीच्या कानात कर्णफुले घालते, आणि मग लग्न पक्के झाले असे समजतात. अलीकडे मात्र कर्णफुलांबरोबर अंगठीही लागते. कर्णफुलांचा प्रश्न नव्हता. सागिनने लग्नानंतर कधीतरी घेऊन दिलेली चांदीची जोडी अनारकूलकडे होती, ती द्यायची ठरली. प्रश्न होता अंगठीचा. ती कसली घ्यायची आणि तिच्यावर किती खर्च करायचा?

ते बोलणे माझ्या शेजारीच झाले. उन्हाळा सरत आला होता. अनारकूल माझे दूध काढत होती, बेकतूर शिंगराला धरून उभा होता, आणि सागिनचा थोरला भाऊ तुर्दुबेक समोरच्या दगडावर बसला होता. त्याला सगळे आदराने आबाके म्हणत.

"आपा," बेकतूर आईला म्हणाला, "नुरजात काही मागत नाही. चांदीची साधी कडी घेऊ. माझ्या पगारात येईल."

"चांदी!" तुर्दुबेक हसला. "पोरा, मुलीचे मामा शहरातले आहेत. ते आधी बोटाकडं बघतील आणि मग तुझ्या तोंडाकडं. गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या लग्नाची अंगठी कशी होती? अख्ख्या गावानं फोनवर बघितली."

"मग काय करू, आबाके? तसली घ्यायला मी गॅरेज विकू का? तेही माझं नाही."

"घ्यायला कोण सांगतंय? माझ्या सुनेची खड्याची अंगठी आहे की! त्या दिवसापुरती घालू. लग्न झालं, पोरगी घरात आली, की हळूच काढून घेऊ. घरातल्या घरात कोण विचारतंय?"

चरवीत पडणारी धार थांबली. अनारकूलचे हात माझ्या कासेवर तसेच राहिले.

"आबाके, ही अक्कल तुम्हाला कुणी दिली?"

"द्यायची कशाला? आपल्याकडं असंच चालत आलंय."

"कसं चालत आलंय ते मला विचारा," ती म्हणाली. तिचा आवाज वर चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या कानात तुमच्या आईनं पोवळ्याची कर्णफुलं घातली होती. सगळ्या बायका बघत होत्या. माझ्या आईनं ती बोटानं चाचपून पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. लग्नाला पंधरवडा झाला नसेल. मी पीठ मळत होते. सासूबाई म्हणाल्या, कानातलं काढून दे, शेजारणीचं आहे, ती न्यायला आलीय. ती दारात उभी होती. पिठाच्या हातानंच काढून दिली मी."

"तू अजून तेच धरून बसलीस?" तुर्दुबेक चुळबुळला. "तेव्हा सगळ्यांचीच ओढाताण होती."

"ओढाताण मला कळत होती. आधी सांगितलं असतं तर मी रिकाम्या कानांनी आले असते. हसत आले असते. पण सगळ्यांदेखत घातलं आणि मागनं काढून घेतलं. पुढं माहेरी गेले की रुमाल कानावरून बांधायचे मी. आई विचारायची, कर्णफुलं कुठायत? मी सांगायचे, जपून ठेवलीत."

शिंगरू दूध पिण्यासाठी धडपडत होते. बेकतूरने त्याला सोडून दिले.

"माझ्या सुनेच्या बोटात उसनं काही जाणार नाही," अनारकूल उठत म्हणाली. "आणि टायरवाल्याच्या पगारातली कडीही जाणार नाही. सोन्याची जाईल. चाबदार विकायची."

"आपा, वेड लागलंय का तुला? बाबांची घोडी ती!"

"बाबांची घोडी, बाबांच्या सुनेसाठी. मी ठरवलंय."

"निदान नुरजातला विचारू तरी दे."

"तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. घोडी लांबच्या कळपात चरायला सोडलीय, एवढंच सांग. शपथ आहे तुला."

मित्रांनो, मला त्या वेळी राग आला नाही. घोडीला विकणे म्हणजे काय ते आधी कळतही नाही. मला एवढेच जाणवले, की त्या दिवशी अनारकूलने मीठ नेहमीपेक्षा जास्त दिले, आणि ते देताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

रविवारी मला आणि माझ्या शिंगराला ट्रकवर चढवून खिंडीपलीकडच्या जनावरांच्या बाजारात नेले. तिथे धूळ होती, ओरडा होता, आणि हजारो खुरांचा वास होता. अनोळखी माणसे येत, माझा ओठ उचलून दात पाहत, बरगड्या दाबत, शेपटी वर करत. आयुष्यात प्रथमच मला माझ्या अंगाची लाज वाटली. बेकतूर माझी म्होरकी धरून उभा होता आणि ज्याने त्याने हात लावला की तो दात आवळत होता.

मग एक धिप्पाड, हसतमुख माणूस आला. त्याने माझ्या आयाळीखाली बोटे घातली आणि मान हलवली. "दोन बोटं चरबी आहे. झकास! मावशी, शिंगरू घरी न्या, मला घोडी एकटीच पुरे." त्याने जो भाव सांगितला, तो ऐकून शेजारचे लोक वळून पाहू लागले. त्या भावात खड्याची अंगठी येत होती. वरच्या आळीतल्या सुनेच्या तोडीची.

"तुम्ही कुमिस करता?" अनारकूलने विचारले.

"मी? छे! माझं मांसाचं दुकान आहे."

"ती गाभण आहे."

"असेना. मावशी, भाव करताय की सोयरीक?" आजूबाजूची माणसे हसली. मधल्या दलालाने अनारकूलचा हात धरला, त्या माणसाच्या हातावर ठेवला आणि सौदा पक्का करायला दोन्ही हात वरखाली हलवू लागला. तिने हात काढून घेतला नाही. बेकतूर "आपा" म्हणाला, पण तिने तिकडे लक्ष दिले नाही. ती त्या दोन हातांकडे पाहत होती. मला वाटते, तिला त्या क्षणी मी दिसत नव्हते. दिसत असतील तर शहरातले मामा, आणि त्यांचे डोळे एका बोटावर लागलेले.

सकाळपासून कुणी माझे दूध काढले नव्हते. गोंधळात शिंगरूही प्याले नव्हते. कास दगडासारखी झाली होती, ठणकत होती. शिंगराने मागून येऊन तोंड लावले आणि माझ्या चारही पायांत धुळीत दूध गळू लागले.

अनारकूलने ते पाहिले. तिने दलालाच्या मुठीतून हात सोडवला, कुणाकडून तरी बादली मागितली आणि त्या धुळीत एक गुडघा टेकून बसली. "कुरो-कुरो," ती म्हणाली. तिचे कपाळ माझ्या पोटाला टेकले. ते गरम होते.

"मावशी," तो मांसवाला म्हणाला, "विकलेल्या घोडीचं दूध काढताय?"

"विकली नाही अजून," ती तशीच म्हणाली.

"मग भाव वाढवून हवाय का?"

"नाही. तुमचा भाव चांगला आहे. पण जिच्यासाठी अंगठी घ्यायचीय ती माझ्या घरात आयुष्य काढणार. तिच्या बोटाकडं बघताना मला हे दूध दिसायला नको."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने खांदे उडवले आणि पुढच्या घोड्याकडे वळला.

दूध काढेपर्यंत एक किरकोळ बांध्याचा म्हातारा बाजूला उभा राहून पाहत होता. त्याचे नाव ओस्मोन. शेजारच्या खोऱ्यात त्याचाही कुमिसाचा धंदा होता. त्याने घोडी आणि शिंगरू दोन्ही मागितले, आणि दोन्हींचे मिळून जे देऊ केले ते मांसवाल्याच्या एकट्या घोडीच्या भावाहून कमी होते. "माझी थैली एवढीच आहे, बाई," तो म्हणाला. "पण वाड्यात चारा आहे."

अनारकूलने थोडा वेळ विचार केला. मग स्वतःच हात पुढे केला.

जनावर विकताना आमच्याकडे त्याच्या तोंडाची लाळ आपल्या कपड्याला पुसून घेतात, म्हणजे घरची बरकत त्याच्याबरोबर जात नाही. अनारकूलने आपल्या रुमालाचे टोक माझ्या ओठांना पुसले. नंतर तेच टोक तिने डोळ्यांना लावले. बेकतूर ट्रकच्या आड जाऊन उभा राहिला होता.

पुढचे सगळे मला बेकतूरकडून कळले. गॅरेजचे सामान आणायला तो ओस्मोनच्या खोऱ्यातून जायचा, आणि कुंपणाशी थांबून माझे कपाळ खाजवत बोलायचा. मिळालेल्या पैशांत पातळशी सोन्याची अंगठी आली. खडा नव्हता. साखरपुड्याला शहरातल्या मामांनी ती पाहिली, एकमेकांकडे पाहिले, आणि मग पानातल्या मांसाकडे वळले. तुर्दुबेक जेवला, पण रुसून जेवला. अनारकूलने नुरजातच्या कानांत कर्णफुले घातली, बोटात अंगठी सरकवली, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "ही तुझी आहे. कुणी कधी परत मागणार नाही." असे का म्हणायचे ते नुरजातला कळले नाही. सासू हे काय भलतंच बोलतेय, म्हातारीला ताप तर नाही, असे वाटून तिने हळूच तिची नाडी पाहिली.

ओस्मोनच्या घरी मला चारा मिळाला. मार मिळाला नाही. वसंतात मला नवे शिंगरू झाले. पण ओस्मोनची बायको बातमा दूध काढायला बसली की माझे अंग आखडून जायचे. तिचे हात वाईट नव्हते, ते फक्त तिचे होते. अर्धे दूध आतच राहायचे. बातमा वैतागायची आणि म्हणायची, "घोडी दूध चोरते." ओस्मोन काही बोलायचा नाही, पण थंडीच्या आधी कोणते जनावर ठेवायचे आणि कोणते कापायचे, याचा हिशेब प्रत्येक घरात होतोच. शेवटी बातमाने बेकतूरकडे निरोप धाडला: "तुझ्या आईला म्हणावं, येऊन बघ तरी तुझ्या घोडीला."

एका दुपारी बेकतूर मोटार घेऊन आला. आधी अनारकूल उतरली. मागून नुरजात उतरली. लग्न होऊन ती आता त्याच घरात होती, निरोप तिच्यासमोरच पोचला, आणि मग तिला घरी ठेवणे कुणालाच जमले नव्हते. ती सरळ माझ्यापाशी आली, माझ्या मानेवर हात ठेवला, आणि बोलली मात्र पाठमोरी असलेल्या सासूशी.

"लांबच्या कळपात चरायला सोडलीय ना ही?"

अनारकूल वळली नाही.

"आपा, वाटेत यांनी मला सगळं सांगितलं. शेजारणीच्या कर्णफुलांचंही सांगितलं." नुरजातने माझी आयाळ मुठीत धरली. "तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही रिकाम्या कानांनी आला असतात. हसत आला असतात. असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग मला का नाही सांगितलं? मी काय परकी होते?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"म्हणूनच नाही सांगितलं." अनारकूल वळली. "तू नको म्हणाली असतीस, मी ऐकलं असतं, सगळ्यांनी तुझं कौतुक केलं असतं. आणि मी जन्मभर तुझ्या रिकाम्या बोटाकडं बघत बसले असते. ते तुझ्यासाठी नव्हतं, पोरी. थोडं होतं तुझ्यासाठी. बाकीचं माझ्यासाठीच होतं."

वारा वाहत होता. बातमा चरवी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. नुरजातने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "यापुढं विचारायचं. मी नको म्हणेन अशी भीती वाटली तरी विचारायचं."

"विचारीन."

"आणि हिचं दूध कसं काढायचं ते मला दाखवा. या बाईंनाही दाखवा. नाहीतर हे लोक हिला थंडीत ठेवायचे नाहीत."

अनारकूलने माझ्या शिंगराला जवळ आणले. नुरजात गुडघा टेकून बसली आणि तिने हात पुढे केला, तेव्हा अनारकूल म्हणाली, "आधी अंगठी काढ. सडाला टोचेल."

नुरजातने अंगठी काढली. गवतात पडली असती तर सापडली नसती, म्हणून अनारकूलने ती आपल्या बोटात घातली. मग ती माझ्या कानाशी येऊन उभी राहिली आणि "कुरो-कुरो" म्हणाली. माझ्या अंगातली गाठ सुटली. नुरजातच्या हातात धार लागली, नंतर बातमाच्या हातात. त्यांना जमत नव्हते, चरवीपेक्षा बाहीवर जास्त पडत होते, पण दूध येत होते.

अनारकूलचा एक हात माझ्या मानेवर होता. दुसऱ्या हाताचा अंगठा त्या पातळ अंगठीवरून सावकाश फिरत होता. तिने ती घेताना एकदा पाहिली होती, देताना एकदा पाहिली होती. आता पहिल्यांदाच नीट पाहत होती. दूध काढून झाले, तेव्हा ती घाईघाईने काढू लागली. नुरजात ओले हात झटकत म्हणाली, "राहू द्या बोटात. जेवण होईपर्यंत राहू द्या."

"अगं, तुझी आहे ती."

"माझी आहे म्हणूनच सांगतेय."

जेवायला बसल्यावर बातमाने अनारकूलला विचारले, "अंगठी छान आहे हो! कुणी घेतली?" मी कुंपणापाशी होते, तरी मला उत्तर ऐकू आले. अनारकूल म्हणाली, "सुनेनं दिलीय, आजच्यापुरती." आणि ती हसली. इतक्या वर्षांत तिला असे हसताना मी ऐकले नव्हते.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर परत गेले नाही. मला परत घेण्याइतकी त्यांची ऐपत नव्हती, आणि कुणी तसे खोटे आश्वासनही दिले नाही. मी बातमाच्या हाताला रुळले. पुढे पुष्कळ शिंगरे झाली, मग दूध आटले. ओस्मोनने मला कापले नाही. का, ते मी कधी विचारले नाही आणि त्याने कधी सांगितले नाही.

मित्रांनो, अंगठीवर किती खर्च करावा असे मला कुणी विचारले, तर मला सांगता येणार नाही. घोडीला आकडे येत नाहीत. पण जिच्या बोटात ती जायची तिला आधी विचारा, आणि जिच्या पाठीवर तिचा भार पडायचा तिच्याकडेही एकदा पाहा. आम्हाला विकायची वेळ माणसावर येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त कोणत्या हातात देता ते पाहून द्या. आणि तुमच्या दारात माझ्यासारखे एखादे थकलेले जनावर असेल, तर हिवाळ्याच्या सकाळी त्याच्या पाण्यावरचा बर्फ तेवढा फोडून ठेवा. आमच्याने आता तो फुटत नाही.